फोन काढून घेतला जाईल या भीतीने लेकीने अठरा दिवस सांगितलं नाही

मेहरूणकाठ (जळगाव) | सोमवार, रात्री ११:१०

हे लिहावं की नाही, यावर महिनाभर विचार केला. लेकीला वाचायला दिलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आणि मगच टाकतेय.

लेक नववीत आहे, चौदा वर्षांची. सातवीपासून घरातला जुना फोन तिच्याकडे असतो, आधी शाळेच्या ग्रुपसाठी, मग क्लाससाठी. दिवाळीनंतर तिला एका मुलीची रिक्वेस्ट आली. भुसावळची, नाच शिकते म्हणे. दोन महिने गप्पा चालल्या. चाचणी परीक्षा, मैत्रिणींची भांडणं, आयांच्या कटकटी. मी त्या नंतर सगळ्या वाचल्या. खरं सांगते, मलाही ती मुलगीच वाटली असती.

मग एक दिवस तिकडून एक फोटो आला. चेहरा माझ्या लेकीचा, गॅदरिंगमधला. बाकी त्यात तिचं काहीच नव्हतं. खाली लिहिलेलं, "पाच हजार पाठव, नाहीतर तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो." टाकतो! दोन महिन्यांत पहिल्यांदा.

अठरा दिवस तिने कोणाला सांगितलं नाही. ह्यांच्या फोनवरून तीन वेळा मिळून सतराशे रुपये पाठवले. जेवण कमी झालं होतं, वेणी घालायला बसली की डोळे भरायचे. मी म्हटलं, वयाचं असेल. शेवटी बँकेचा मेसेज ह्यांनी वाचला तेव्हा कळलं.

त्या रात्री मी तिला एकच विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू फोन काढून घेतला असता आणि बाबांनी शाळा बंद केली असती. मामाच्या गल्लीतल्या त्या ताईचं तसंच झालं ना."

त्या मुलीचा विषय आमच्याच घरात जेवताना निघाला होता. "अशा पोरींच्या हातात फोन देऊच नये" हे माझंच वाक्य. दीड वर्ष झालं असेल. मी विसरून गेले होते, तिच्या मनात ते तसंच होतं.

आणि तो गॅदरिंगचा फोटो मीच टाकला होता. कोणालाही दिसेल असा, शाळेचं नाव आणि तुकडीसकट.

तक्रार केली आहे, त्याचं पुढे लिहिते. मला विचारायचंय ते असं, की आपल्याकडे एक फोन चार जणांत फिरतो, भाऊबंद दारात उभे असतात, पोरीचं नाव निघालं की आधी शाळा सुटते. अशा घरांत तुम्ही नेमकं काय करता?

---

रावेरचा केळीवाला | सोमवार, रात्री ११:५२

ताई, वाचून झोप उडाली. माझ्याही दोन मुली आहेत.

आमच्याकडे दहावीपर्यंत फोन नाही, विषय संपला. क्लासचा निरोप माझ्या फोनवर येतो, मी वाचून सांगतो. मी बागेत असलो तर संध्याकाळी सांगतो. पोरी चिडतात, चिडू द्या. आपण सायकल येत नसताना मोटरसायकल देतो का?

तुमच्या दुःखावर बोट ठेवायचं नाही. पण चौदा वर्षांच्या लेकराला हे झेपत नाही असं माझं ठाम मत आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर बंदी केली. आपल्या सरकारने का करू नये?

---

शिरपूरची अकरावी | मंगळवार, सकाळी ६:४०

काकू, मी सतरा वर्षांची आहे. इथे बहुतेक मोठी माणसं लिहितात, तरी बोलते.

तुमच्या मुलीला सांगा, तिने काही चूक केलेली नाही. आमच्या वर्गात अशा तिघी मला माहीत आहेत. दोघींच्या घरी अजून माहीत नाही.

केळीवाले काका, रागावू नका. ज्यांच्याकडे फोन नसतो त्या मुली मैत्रिणीच्या फोनवर आयडी उघडतात. पासवर्ड मैत्रिणीला माहीत, फोन मैत्रिणीच्या भावाकडे. मग तो भाऊ सगळं वाचतो. घरी फोनच नाही तर अडचण सांगायची कशी? "फोन कुठून आला?" इथूनच सुरुवात होते.

आणि ज्या घरी रोज फोन तपासतात त्या घरातल्या मुलांचे दोन आयडी असतात. एक घरच्यांना दाखवायचा, एक खरा. कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं अ‍ॅप असतं, त्यात फोटो लपवतात. मी हे चुगली म्हणून सांगत नाही. तपासणं वाढलं की लपवणं वाढतं, एवढंच आम्ही रोज बघतो.

मला वाचवलं ते माझ्या आत्याने. मागच्या श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद गावी जमले होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत आम्ही बहिणी नाचलो, चुलतभावाने रील काढलं आणि गावाच्या नावासकट टाकलं, सगळ्यांची नावं जोडून. सकाळी प्रसादाचे रोट खाताना बघते तर चाळीसच्या वर अनोळखी रिक्वेस्ट. एकाने तर लिहिलं होतं, "तुमच्या गल्लीत येऊन गेलो." माझे हातपाय गार पडले. आत्याला कसं कळलं माहीत नाही. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "दाखव. ओरडणार नाही, फोन घेणार नाही, तुझ्या बापाला तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही."

मग तिने भावाला बोलावलं. रील काढायला लावलं, आणि पुढे कोणाचा फोटो टाकायचा तर आधी तिला विचारायचं असं सांगितलं. सगळ्या चुलत-मावस भावंडांसमोर. आता आमच्या घरात तो नियमच आहे.

प्रत्येक मुलीला अशी एक आत्या पाहिजे. आई असली तर बरंच, पण आईला सांगायला जास्त भीती वाटते, कारण आई रडते.

---

मेहरूणकाठ | मंगळवार, सकाळी ७:१५

बाळा, "कारण आई रडते" हे वाचून थांबले. माझीही हेच म्हणाली होती.

---

पांझरा (धुळे, वकील) | मंगळवार, दुपारी १:३०

ताई, आधी एक तातडीचं. तो फोटो कोणालाही पाठवू नका. दिराला, मामाला, "बघा काय केलंय" म्हणूनसुद्धा नाही. १८ वर्षांखालच्या मुलाचं असं अश्लील चित्र पुढे पाठवणं पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि आयटी कायदा, दोन्हींखाली गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साठवून ठेवण्याबद्दलही कडक भूमिका घेतली. पोलिसांना पुरावा म्हणून दाखवणं वेगळं. मी असे दोन बाप पाहिलेत ज्यांनी रागाच्या भरात आपल्याच लेकीचा खोटा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, "हे कोणी केलं शोधा" म्हणून. जे धमकी देणाऱ्याने केलं नव्हतं ते बापाच्या हातून झालं.

बरेच लोक विचारतात, फोटो तर बनावट आहे, मग गुन्हा कसला? पॉक्सो कायद्याच्या कलम ११ मध्ये मुलाचं खरं "किंवा बनावट" चित्र वापरण्याची धमकी देणं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा २०१२ चा आहे, तेव्हा आजची एआयची साधनं नव्हती, पण तो शब्द तेव्हाच घातलेला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शिवाय पैसे उकळण्याचं कलम वेगळं लागतं. खोटं नाव घेऊन फसवल्याबद्दल आयटी कायद्याचं कलम ६६डी आहेच.

लोक पोलिसांत जात नाहीत ते नाव बाहेर येईल म्हणून. म्हणून पॉक्सोचं कलम २४ सगळ्यांनी लक्षात ठेवा. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तिची श्रेणी उपनिरीक्षकापेक्षा कमी नसावी आणि अंगावर गणवेश नसावा. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. कलम २३ प्रमाणे नाव, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही.

केळीवाले भाऊ, बंदीबद्दल विचारलंत. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो. आईबापाची पडताळलेली संमती घेतल्याशिवाय त्याची माहिती वापरायची नाही, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि हा भाग लागू व्हायला त्यांत दीड वर्षाची मुदत दिली आहे. तुमची काळजी मला पटते. पण माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत पोरांचं वय बघितलं तर निम्म्यांची खाती कुठल्याही बंदीआड आलीच नसती, कारण ती मोठ्या भावाच्या नावावर होती.

---

मेहरूणकाठ | मंगळवार, दुपारी ३:०५

वकीलसाहेब, धन्यवाद. आमचं कसं झालं ते लिहिते, कोणाला उपयोग होईल.

रात्री साडेबाराला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. पैशांचे तीन व्यवहार नोंदवून घेतले, त्यांचे क्रमांक मागितले. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठीचा वेगळा भाग आहे, तिथे तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. समोरच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, फोन बंद करून टाका, पोरीला समजवा, कशाला नाव खराब करता." हे उठलेच होते खुर्चीवरून. माझ्याजवळ पोर्टलच्या तक्रारीचा क्रमांक होता म्हणून मी बसून राहिले. तासाभराने एक महिला अधिकारी आल्या. त्यांनी सगळं बदललं. संध्याकाळी साध्या ड्रेसमध्ये घरी आल्या, लेकीच्या खोलीत बसल्या, आधी तिच्या चित्रांच्या वहीबद्दल बोलल्या. मला बाहेर बसायला सांगितलं नाही. लेकीलाच विचारलं, आई हवी का?

एक चूक आमच्याकडून झाली. रागाने ह्यांनी त्या माणसाला आधी चार शिव्या लिहिल्या, मग ब्लॉक केलं. तोवर त्याने नाव आणि फोटो बदललेला. नशीब, लेकीने आधीचे स्क्रीनशॉट ठेवले होते.

---

पांझरा | मंगळवार, दुपारी ४:२०

जे ठाण्यात सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती आली की नोंद घ्यावीच लागते आणि नोंदवली नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. शाळेलाही हेच लागू, "आम्ही आपसांत मिटवलं" चालत नाही. आणि हद्दीचा प्रश्न काढला तर झिरो एफआयआर मागा. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते लिहूनच ठेवलंय. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात नोंद होते.

---

पाचोऱ्याचा मोबाइलवाला | मंगळवार, रात्री ९:३०

दुकान बंद करून लिहितोय. सोळा वर्षं मोबाइलचं दुकान चालवतोय, २०१६ ला जिओ आलं तेव्हा रांगा लागलेल्या त्याच दुकानात. मला हे सगळं वाचून अपराधी वाटलं आणि ते का वाटलं ते सांगतो.

बाप पोराला घेऊन येतो, नवीन फोन घेतो, म्हणतो "भो, याला इन्स्टा करून दे." जन्मतारीख टाकायची वेळ येते. तेरा पूर्ण नसले तर खातं उघडत नाही, म्हणून आमच्यापैकी कोणीतरी १९९८, १९९९, जे बोटाला येईल ते वर्ष टाकतो. मीही टाकलंय, किती वेळा मोजलं नाही.

आता त्याचा परिणाम बघा. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरांची वेगळी खाती सुरू केली. त्यात खातं आपोआप खासगी असतं. अनोळखी माणूस संदेश पाठवू शकत नाही, ज्यांच्याशी आधीच जोडलेले तेच पाठवतात. रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद. तासभर झाला की बाहेर पडायची आठवण येते. सोळाच्या खालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. पण हे सगळं कधी? खात्यात वय खरं असेल तर. आम्ही १९९९ टाकलेलं पोर अ‍ॅपच्या लेखी सत्तावीस वर्षांचा बाप्या आहे. त्याला एकही संरक्षण नाही.

तेव्हा आज घरी एवढं करा. पोराजवळ बसा. सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, मग पर्सनल डिटेल्स, मग बर्थडे. चुकीची असेल तर त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. भांडून नको, "मोबाइलवाल्याने चुकवलं होतं" असं सांगा, खरंच आहे ते.

व्हॉट्सअ‍ॅपला प्रायव्हसीमध्ये दोन ठिकाणी बघा, प्रोफाइल फोटो आणि ग्रुप्स. दोन्हीकडे "माय कॉन्टॅक्ट्स" करा, म्हणजे कोणीही उठून पोरीला हजार माणसांच्या ग्रुपात टाकत नाही. टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा. स्नॅपचॅट असेल तर नकाशा उघडून घोस्ट मोड लावा. जागा दाखवणं चालू राहिलं असेल तर पोरगी आत्ता कोणत्या गल्लीत आहे हे यादीतल्या सगळ्यांना दिसू शकतं.

आणि ताईंच्या घरी झालं ते टाळायला: ब्लॉक करण्याआधी प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. वरचं नाव माणूस मिनिटात बदलतो. लिंक, यूजरनेम, पैशांचा व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट. गप्पा डिलीट करू नका, फोन रिसेट तर मुळीच करू नका. माझ्याकडे लोक घाबरून रिसेट करायला घेऊन येतात. आता मी आधी विचारतो, का.

---

शिरपूरची अकरावी | मंगळवार, रात्री १०:१२

दादा, माझं २००१ निघालं. आत्ता बदललं.

---

उधना (मूळ शिंदखेडा) | बुधवार, पहाटे ५:२०

रात्रपाळी संपवून वाचतोय. सुरतला लूमवर आहे, घरचे गावी. पोराला फोन मीच घेऊन दिला, रोज संध्याकाळी तोंड दिसावं म्हणून. सगळे मुलींचं बोलतात, मी मुलाचं सांगतो.

पोरगा सोळाचा. एका बाईच्या नावाने रिक्वेस्ट, मग रात्री व्हिडिओ कॉल. काही सेकंदांचा. समोरच्याने तो रेकॉर्ड केला. मग पैसे माग, पैसे माग. पोराने खत आणायला दिलेले दोन हजार दिले. मग आईच्या गळ्यातली पोत दिसली त्याला.

पोत घेतली नाही त्याने. सकाळी क्लासला जातो सांगून नरडाण्याहून गाडीत बसला आणि उधन्याला उतरला. बारा तासांची पाळी करून मी खोलीवर आलो तर दारात पोरगा. फोनवर सांगता येणार नाही म्हणून आला म्हणे. "बाबा, मनी चूक व्हयनी." एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

मला पहिला राग आला तो खोटं बोलून आल्याचा. हात उगारलाच होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात खाली आला. म्हटलं, "बठ पहिले, चहा ले." चहा झाल्यावर सगळं सांगितलं. पैसे देणं बंद केलं. त्या माणसाने दोन दिवस धमक्या दिल्या, मग गप्प झाला. कुठे काही टाकलं की नाही, आजवर आमच्यापर्यंत आलं नाही.

गाडीत दार धरून उभा होता म्हणे पूर्ण रस्ता. मी त्याच्यापुढचं विचारलं नाही. पण मला झोप लागत नाही अजून. पोरांना कोणी विचारत नाही. पोरगा आहे, काय होणार, असंच आपण धरतो.

---

मेहरूणकाठ | बुधवार, सकाळी ८:०५

दादा, तुम्ही चहा दिलात. मी त्या रात्री पहिल्यांदा लेकीचा फोन हातातून ओढला होता, मग विचारलं होतं. हे काल लिहायचं राहिलं.

---

पांझरा | बुधवार, सकाळी १०:४०

उधनाभाऊ, पोराशी त्या प्रवासाबद्दल बोला. थेट विचारा, जिवाचं काही मनात आलं होतं का. विचारल्याने मनात येत नाही, उलट पोराला हलकं होतं. टेलिमानस म्हणून सरकारी मोफत सेवा आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच, तिथे मूल स्वतः फोन करू शकतं. तुम्हाला झोप येत नाही, तर १४४१६ तुम्हीही लावा.

तो व्हिडिओ कुठे येईल अशी भीती असेल तर "टेक इट डाउन" नावाची मोफत सेवा आहे. हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारं अमेरिकेतलं केंद्र ती चालवतं. फोटो किंवा व्हिडिओ तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही. त्याचा नुसता आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तो फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. त्यांच्याकडे ते चित्र चढलं तर ठशावरून ओळखून काढता येतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी संदेशांत मात्र तिचा उपयोग नाही.

---

सातपुडा (धडगाव तालुका, शिक्षिका) | बुधवार, सायंकाळी ६:५०

आमच्याकडचं चित्र वेगळं आहे. आश्रमशाळेत फोन नाही. पण दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरं सुट्टीत आजीआजोबांकडे. घरात एक फोन, मोठ्या भावाचा. फेसबुक त्याच्या नावाने चालू, आणि त्यावरून तीन बहिणी बोलतात. आजोबांना वाचता येत नाही. पोरीला कोणी "सुरतला कामाला लावतो, मोबाइल देतो" म्हणून लिहिलं तर कोणाला दाखवणार?

सेटिंगचे शब्द इंग्रजीत. पोरं घरात पावरी बोलतात, मराठीच त्यांची दुसरी भाषा. म्हणून मी फळ्यावर मोठा फोन काढला. तीन टिंबं कुठे असतात, त्यावर बोट ठेवलं की काय उघडतं, ब्लॉक आणि रिपोर्ट कुठे. पोरांनी खडूने त्यावर बोट लावून सराव केला. आठवीतल्या एकीने पावरीत समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं.

मग आम्ही खेळ घेतला. मी अनोळखी माणूस. "तू खूप छान दिसतेस", "हे कोणाला सांगू नकोस", "मी पण तुझ्याच वयाचा", "फोटो पाठव, नाहीतर मैत्री नाही". कुठल्या वाक्याला घंटा वाजवायची ते पोरांनी ठरवायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी फोटोच्या वाक्याला वाजवली. तिसऱ्या दिवशी एका मुलाने "कोणाला सांगू नकोस" ला वाजवली आणि म्हणाला, "मॅडम, इथूनच सुरू होतं." मला त्या पोराचा फार अभिमान वाटतो.

शाळांत २०२२ च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समिती असते. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर आहे. पालकांनी शाळेत जाऊन विचारा, समितीत कोण आहे, मुलांना त्यांची नावं माहीत आहेत का. आमच्याकडे आम्ही नावं नळाजवळ लिहिली, कारण पोरं तिथे रोज उभी असतात.

---

बोरीकाठचे सर (अमळनेर, निवृत्त) | बुधवार, रात्री ८:३०

थोडक्यात एक भर घालतो. आपण मुलांना फसवणाऱ्यांबद्दल बोललो, मुलं स्वतः अडकतात त्याबद्दलही बोललं पाहिजे. तलवार, कोयता घेऊन वाढदिवसाचं रील. सणाच्या दिवसांत दुसऱ्या समाजाला डिवचणारं स्टेटस. रुळांवर उभं राहून व्हिडिओ. रुळांवर जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडी काही कलम बघून थांबत नाही. स्टेटसवरून तर पंधरा-सोळा वर्षांची मुलं बाल न्याय मंडळापुढे उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्यांतला एक माझा विद्यार्थी. त्याने ते स्टेटस लिहिलंही नव्हतं, पुढे ढकललं होतं. एका वडीलधाऱ्याने ग्रुपवर टाकलेलं होतं ते.

---

रावेरचा केळीवाला | बुधवार, रात्री ९:४५

तीन दिवस वाचतोय. माझं मत बदललेलं नाही, दहावीपर्यंत फोन देणार नाही. पण शिरपूरच्या पोरीने लिहिलं, "फोन कुठून आला इथूनच सुरुवात होते", ते डोक्यातून गेलं नाही.

आज जेवताना मोठीला म्हटलं, मैत्रिणीच्या फोनवर तुझा आयडी असेल तर असू दे, मी विचारणार नाही. पण कोणी त्रास दिला तर मला सांग, मी पहिले तुला जेवू घालीन, मग बोलू. ती काही बोलली नाही. भाकरी खात राहिली. मग धाकटी म्हणाली, "पप्पा, हिचा आहे." मोठीने तिला चिमटा काढला.

आता पुढे काय करू? मला खरंच कळत नाही. रागावणार नाही म्हणून बसलोय.

---

शिरपूरची अकरावी | बुधवार, रात्री १०:००

काका, आज काहीच करू नका. उद्याही नाही. ती स्वतः येईल. आली की पहिला प्रश्न "पासवर्ड कोणाला माहीत आहे" हा विचारा, "कोणाशी बोलतेस" हा नको.

---

मेहरूणकाठ | गुरुवार, सकाळी ९:२०

केळीवाले दादा, तुमच्या घरी हे बोलणं निघालं याचा मला फार आनंद झाला.

आमच्याकडे आता काय आहे ते लिहिते. माझं खातं खासगी केलं. लेकीचे जुने फोटो आम्ही दोघींनी बसून काढले, एकशे बारा निघाले. बारशापासूनचे. काही तिने ठेवायला सांगितले. फोन तिच्याकडेच आहे, रात्री मात्र आमच्या दोघांचे आणि तिचा असे तीनही फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात. ह्यांना ते जड जातंय. त्यांनी लेकीसमोर सांगितलं, काहीही झालं तरी शाळा बंद होणार नाही, आणि ते आजीसमोरही सांगायला लावलं तिने. तपास चालू आहे. सतराशेपैकी पाचशे एका खात्यात अडवलेत म्हणतात, बघू.

ती अजून गॅदरिंगचं नाव काढलं की गप्प होते. जूनमध्ये शाळेत समुपदेशक येणार आहेत, तोवर मी आणि तिची मावशी आहोत.

मोबाइलवाले दादा, तुमच्या दुकानात येऊन सेटिंग बघून घेता येईल का? पाचोऱ्याला माहेर आहे माझं.

---

पाचोऱ्याचा मोबाइलवाला | गुरुवार, दुपारी १२:१५

या की ताई. रविवारी दुपारी दोनपासून मी यासाठीच बसणार आहे, पैसे नाहीत. ज्यांची तारीख मी चुकीची टाकली ते सगळे या. फक्त फोन एकटा आणू नका, ज्याचा आहे त्याला सोबत आणा.

---

मेहरूणकाठ | गुरुवार, दुपारी १:४०

येतो दोघी. ती म्हणतेय, फोन तीच हातात धरणार, तुम्ही बाजूला बसून सांगायचं.